मकावच्या वळणावरचे गोंयकार

१९५४ साल म्हटलं की आम्हां गोंयकारांना काय आठवतं? फेब्रुवारीत डॉ. पुंडलीक गायतोंडे यांना झालेली अटक, जुलै-ऑगस्टात मुक्त झालेले दादरा आणि नगर हवेली, १५ ऑगस्टला तेरेखोलच्या किल्ल्यात शिरून तिरंगा लावणारे सत्याग्रही. माझा जन्म मुक्तीनंतर कितीतरी वर्षांनी झाला, पण वडिलांच्या तोंडून हे साल इतक्या वेळा ऐकलंय की आपणच ते पाहिल्यासारखं वाटतं.

त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला, त्याच सालाझारच्या साम्राज्याच्या दुसऱ्या टोकाला, चीनच्या किनाऱ्यावरच्या मकाव शहरात लोक रस्त्याच्या कडेला उभे राहून मोटारींची शर्यत पाहत होते. मुळात तिथल्या काही हौशी मंडळींच्या मनात होतं ते गावभर गाडीने हिंडून खजिना शोधायचा एक खेळ करायचा. पण रस्त्यांचा नकाशा पाहून कुणीतरी सुचवलं, की इथे तर सरळ शर्यतच लावता येईल! मग लागली शर्यत. एदुआर्दो दि कार्व्हाल्यो नावाचा गृहस्थ ट्रायम्फ टीआर-टू गाडी घेऊन पहिला आला. इथे माणसं आग्वादच्या तुरुंगात आणि तिथे पाखल्यांचा हा थाट. एकच राज्य, एकच वर्ष!

तर हे मकाव माझ्यापुढे आलं ते गोव्यात नव्हे. ते आलं भोपाळात, माझ्या भाच्याच्या संगणकावर.

माझ्या मावसबहिणीचं सासर भोपाळचं. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली आणि भोपाळ नव्या मध्य प्रदेशची राजधानी बनलं, तेव्हा नागपूरच्या सचिवालयातली कितीतरी मराठी कुटुंबं फायली-कपाटांसकट भोपाळला आली. भाऊजींचे वडील त्यातलेच एक कारकून. कारकून म्हटलं की मला आपलेपणा वाटतोच, कारण मीही त्याच जातीचा. राज्य बदलतं, राजधानी बदलते, आवक-जावक नोंदवही तेवढी चालू राहते! या लोकांना क्वार्टर्स मिळाली ती टी. टी. नगरात. टी. टी. म्हणजे तात्या टोपे, हे भोपाळच्या नव्या पोरांना सांगावं लागतं. दोन पिढ्या तिथेच गेल्या. घरात मराठी आहे, पण तिला हिंदीची फोडणी. भाचा मला म्हणाला, "मामा, बैठो ना, एक चक्कर दाखवतो तुम्हाला."

चक्कर म्हणजे शर्यतीची फेरी. खेळ जुना होता, 'रेस ०७' नावाचा, स्वीडनच्या सिमबिन कंपनीने २००७ साली काढलेला. त्याच्या जुन्या संगणकावर नवे खेळ चालत नाहीत, म्हणून हा. पण तो सांगत होता की मकावची फेरी यातच सगळ्यात छान आहे. टेबलाला पकडीने घट्ट बसवलेलं स्टिअरिंग, खाली दोन पेडल. मी आपला चहाचा कप घेऊन बाजूला बसलो. आमच्या पोरवयात 'रोड रॅश' होता. त्यात शेजारच्या मोटरसायकलवाल्याला लाथ घालणं हीच मुख्य कला होती. म्हटलं, हेही तसलंच काहीतरी असणार.

पण ते तसलं नव्हतं. शहरातल्या रस्त्यावरची शर्यत म्हणजे दोन्ही बाजूंना भिंत किंवा लोखंडी कठडा. मुद्दाम बांधलेल्या मार्गावर चूक झाली तर गाडी गवतात किंवा वाळूत जाते, चालक शिव्या देत परत येतो. इथे गवत नाही. चूक झाली की भिंत. आणि वळणापलीकडचं काही दिसत नाही, कारण मध्ये कुणाचं तरी घर आहे, टेकडी आहे, दवाखान्याचं कुंपण आहे. म्हणजे दिसेल तशी गाडी चालवायची सोयच नाही. वळण दिसण्यापूर्वी हात वळायला लागला पाहिजे. भाच्याने मला सांगितलं, की पहिल्या पन्नास फेऱ्या वेगाच्या नादी लागायचंच नाही, फक्त पाठ करायचं. कुठल्या पाटीपाशी ब्रेक, कुठल्या कठड्याच्या कोपऱ्याला नाक लावायचं, कुठे थोडं थांबून मग सुटायचं.

मला एकदम आमच्या जत्रेतलं नाटक आठवलं. नक्कल पाठ असल्याशिवाय नट रंगपटाबाहेर पाऊल टाकत नाही, आणि ती पक्की पाठ झाल्याशिवाय त्याला अभिनय सुचत नाही. फरक एवढाच की नाटकात विंगेत प्रॉम्प्टर असतो. इथे विंगेत भिंत आहे.

तो फेरी मारता मारता वळणांची नावं बोलत होता, श्लोक म्हटल्यासारखा. रिझर्व्हॉयर, मँडरिन, लिस्बोआ, सान फ्रान्सिस्को, मॅटर्निटी, हॉस्पिटल, सॉलिट्यूड, फारअवे, मूरिश हिल, दोना मारिया, मेल्को, फिशरमन्स, आर बेंड. सुमारे ६.१२ किलोमीटरची फेरी. जगभरातल्या गाड्यांच्या शर्यती इथे होतात. फॉर्म्युला थ्रीच्या गाड्या ती सव्वादोन मिनिटांच्या आत संपवायच्या, नेहमीच्या मोटारीसारख्या दिसणाऱ्या टूरिंग गाड्यांना अडीच मिनिटांच्या आसपास लागतात. १९८३ साली इथली पहिली फॉर्म्युला थ्री शर्यत आयर्टन सेन्ना जिंकला. १९९० साली मायकेल शूमाकर आणि मिका हॅकिनेन शेवटच्या फेरीत एकमेकांवर आदळले आणि शूमाकर मागचा पंख नसलेली गाडी घेऊन जिंकला. भाचा या गोष्टी सांगताना रंगला होता. माझे कान मात्र वळणांच्या नावांवर अडकले होते. दोना मारिया? मोरु? ही नावं आमच्या कागदपत्रांतली, ती इथे काय करतायत?

मकाव आणि गोवा यांचं नातं आपण विसरलो आहोत, पण ते लहानसहान नव्हतं. पोर्तुगीज १५५७ च्या सुमारास मकावला स्थायिक झाले आणि पुढे जवळजवळ तीन शतकं ते शहर 'एस्तादो दा इंडिया'चा भाग होतं. म्हणजे त्याचा कारभार गोव्याच्या हुकमतीखाली. १८४४ साली मकाव, तिमोर आणि सोलोर यांचा वेगळा प्रांत केला गेला. त्यानंतरही मकावच्या खटल्यांची अपिलं गोव्याच्या रेलासांवात, म्हणजे उच्च न्यायालयात, येत होती. चीनच्या किनाऱ्यावर कुणाची तरी भिंत शेजाऱ्याच्या हद्दीत गेली, तर त्याचा निकाल मांडवीकाठी लागायचा. कोण कारकून ते कागद लावत असेल, कोण जाणे!

आता फेरीला लागू. लांब सरळ रस्त्यावरून, मँडरिनचं वळण न थबकता मारून, गाडी येते ती लिस्बोआपाशी. हे काटकोनी उजवं वळण. इथेच सगळ्यात जास्त गाड्या फुटतात. २०१८ साली सोफिया फ्लोर्श या जर्मन मुलीची गाडी इथे उडून कठड्यापलीकडे गेली. तिच्या मणक्याला जबर दुखापत झाली, शस्त्रक्रिया झाली आणि पुढच्याच वर्षी ती परत त्याच वळणावर शर्यतीला उतरली. वळणाचं नाव तिथल्या हॉटेल लिस्बोआवरून आलं. ते हॉटेल १९७० सालचं. त्याआधी या कोपऱ्याला 'पुतळ्याचा कोपरा' म्हणत, कारण तिथे गव्हर्नर फेर्रेरा दु आमाराल याचा घोड्यावरचा पुतळा होता. एका हाताचा हा गव्हर्नर १८४९ साली चिनी मारेकऱ्यांच्या हातून मारला गेला. मकाव २० डिसेंबर १९९९ ला चीनच्या ताब्यात गेलं, पण त्याआधीच, १९९२ साली, तो पुतळा काढून पोर्तुगालला पाठवला गेला. आपल्याकडे आफोंस दि आल्बुकेर्कचा पुतळा पणजीतून निघाला आणि जुन्या गोव्याच्या संग्रहालयात जाऊन बसला, तशातलाच प्रकार. आपला आल्बुकेर्क निदान बोटीत बसला नाही.

लिस्बोआनंतर रस्ता चढाला लागतो. गिया टेकडीचा चढ. वर दीपस्तंभ आहे, १८६५ चा, चीनच्या किनाऱ्यावरचा पाश्चात्त्य धाटणीचा पहिला. इथून पुढे रस्ता इतका अरुंद आणि वाकडा, की पुढच्याला गाठणं जवळजवळ अशक्य. आणि या चढावर येतं हॉस्पिटल बेंड.

हे हॉस्पिटल म्हणजे सांव जानुआरियु. १८७४ साली सुरू झालं. ज्याच्या नावाने ते ओळखलं जातं तो व्हिश्कोंद दि सांव जानुआरियु तेव्हा मकावचा गव्हर्नर होता, १८७२ पासून १८७४ पर्यंत. त्याआधी, १८७० आणि १८७१ मध्ये, तो कुठे होता? पणजीत! गोव्याचा गव्हर्नर जनरल म्हणून. सत्तरीतलं कुष्टोबा राण्यांचं बंड याच सुमाराचं. १८७१ साली गोव्याच्या सैन्यातही बंडाळी झाली. मग लिस्बनहून राजाचा भाऊ दों आवगुश्तु फौज घेऊन आला आणि इथलं जुनं देशी सैन्यच मोडीत काढलं गेलं. सांव जानुआरियुची गोव्यातली कारकीर्द त्याच वर्षाच्या अखेरीस संपली आणि पुढच्या वर्षी तो मकावला रुजू झाला. आमच्या भाषेत सांगायचं तर बदली! भोपाळातला एक मुलगा रोज संध्याकाळी पन्नास वेळा या माणसाच्या दवाखान्याला वळसा घालतो, आणि ते नाव आमच्या इतिहासातलं आहे.

मी हे भाच्याला सांगितलं. त्याला गंमत वाटली. म्हणाला, "मामा, मग भोपाळचं पण सर्किट बनवू या की." कल्पना काही अगदीच हवेतली नव्हती. ११ फेब्रुवारी २०२३ ला हैदराबादेत हुसैनसागराच्या काठी विजेवरच्या गाड्यांची फॉर्म्युला ई शर्यत झाली होती, २.८३ किलोमीटरच्या रस्त्यावर. त्याच वर्षाच्या अखेरीस सरकार बदललं आणि पुढच्या वर्षीची शर्यत रद्द झाली. फाईल बंद. पुढे २०२४ साली चेन्नईत आयलंड ग्राउंडभोवती रात्रीची शर्यत झाली. याचं म्हणणं, हैदराबादला तळं आहे तर आमच्याकडे भोजराजाचा बडा तालाब आहे, त्याहून जुना! माझं मत विचाराल तर खऱ्या शर्यतीच्या मी विरुद्ध आहे. भोज पाणथळ २००२ पासून रामसर यादीत आहे, पक्ष्यांना निवांतपणा लागतो, आणि शहराला प्यायला त्याच तळ्याचं पाणी लागतं. पण कागदावरच्या शर्यतीला कुणाची हरकत असणार?

त्याने वहीच्या पाठच्या पानावर फेरी काढली. रेतघाटापासून व्हीआयपी रोडने तळ्याच्या कडेने सरळ सुसाट, लालघाटीला वळसा, मग ताज-उल-मसाजिदच्या बाजूने शहरात परत, पीरगेट, मोती मशीद, सदर मंझिल आणि उतरून कमला पार्क. जुन्या भोपाळात वेशींची नावं वारांवरून आहेत. इतवारा, बुधवारा, जुमेराती. पुण्याच्या पेठांसारखीच. तट गेला, बहुतेक दरवाजे गेले, पण रिक्षावाल्याला अजून 'जुमेराती' म्हटलं की पुरतं. वळणांना नावं शोधायला पोराला कष्टच पडले नाहीत, शहराने आधीच देऊन ठेवली होती. फतेहगडाच्या बाजूला एका कोपऱ्यावर त्याने लिहिलं, 'हमीदिया हॉस्पिटल बेंड', आणि माझ्याकडे बघून हसला. मकावला आहे तर आपल्याकडेही!

भाऊजी पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली ठेवला आणि वही हातात घेतली. म्हणाले, "हे वळण नको." पोराने विचारलं, का? त्यावर ते थोडा वेळ काही बोललेच नाहीत. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून वायू सुटला, तेव्हा ते शाळेत होते. टी. टी. नगर लांब, दक्षिणेला. त्या घरातल्या कुणाला काही झालं नाही. पण जुन्या शहरातली माणसं डोळे मिटून, पोरांना काखेत मारून, रात्रभर याच रस्त्यांनी धावली आणि कितीतरी जण हमीदियाच्या दारापर्यंत पोचले. भाऊजींचे वडील सकाळी तिथे मदतीला गेले, ते तिसऱ्या दिवशी घरी आले. काय पाहिलं ते त्यांनी मरेपर्यंत घरात सांगितलं नाही. "त्या रस्त्यावर जोरात गाडी न्यायची गोष्ट मला नाही रे चालत," एवढंच भाऊजी म्हणाले. भाचा गप्प झाला. मग त्याने खोडरबर घेतलं, पण ते नाव खोडलं नाही. रस्ताच तिथून वळवला आणि फेरी अर्धा किलोमीटर लांब केली.

मकावच्या भिंतीही खेळातल्या भिंती नाहीत, हेही सांगायला हवं. फिलिपिन्सचा आर्सेनियो 'डोजी' लॉरेल हा तिथे १९६२ आणि १९६३ अशी लागोपाठ दोन वर्षं जिंकला होता. १९६७ साली त्याची गाडी समुद्राकडच्या भिंतीवर आदळली, पेटली आणि तो गेला. त्या शर्यतीतला हा पहिला मृत्यू, शेवटचा नव्हे. खेळात मात्र भिंतीवर आपटलं की एक बटण दाबायचं आणि पुन्हा सुरू. अशा खेळांत आपल्याच सर्वांत वेगवान फेरीची एक पारदर्शक गाडी पुढे पळत असते, तिला घोस्ट म्हणतात. तिला गाठायचं. भाचा तासन्‌तास या भुताच्या मागे असतो.

हॉस्पिटलनंतर दोन-चार वळणं, आणि मग येतं ते मूरिश हिल. मला या नावाने भोपाळात दोन रात्री झोपू दिलं नाही. 'मूर' म्हणजे पोर्तुगीजांचा 'मोरु'. मूळचा अर्थ उत्तर आफ्रिकेतला मुसलमान. पाखले हिंदुस्थानात आले आणि त्यांनी इथल्या मुसलमानांनाही तोच शब्द लावला. मकावच्या शर्यतीच्या वाटेवर एका रस्त्याचं नावच 'रामाल दुश मोरुश' आहे, मोरुंचा रस्ता. त्या रस्त्यावर मकावची मशीद आणि कब्रस्तान आहे. पोर्तुगीजांच्या चाकरीत असलेल्या हिंदुस्थानी मुसलमान शिपायांशी त्यांचा संबंध सांगितला जातो.

आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला, बार्रा टेकडीवर, 'क्वार्तेल दुश मोरुश' आहे. मोरुंची छावणी. ती बांधली १८७४ साली, एका इटालियन वास्तुतज्ज्ञाच्या आराखड्यावर, मकावच्या पोलिसांच्या मदतीला गोव्याहून आणलेल्या पलटणीसाठी. गोव्याहून! १८७४ म्हणजे दवाखान्याचंच वर्ष. गव्हर्नर तोच, सांव जानुआरियु. गोव्यातलं बंडखोर सैन्य मोडल्याला जेमतेम तीन वर्षं झाली होती, आणि गोव्याचेच शिपाई चीनच्या किनाऱ्यावर दंडुका घेऊन उभे होते. इथे ज्यांच्या हातात बंदूक नको वाटली, तिथे त्यांच्याच मुलखातल्या माणसांवर शहराची राखण सोपवली.

ते सगळे मुसलमान असतील असं मला वाटत नाही. गोव्याच्या पलटणी कधीच एका धर्माच्या नव्हत्या. पण मकावच्या लोकांना काय, हिंदुस्थानातून आलेला काळा-सावळा शिपाई म्हणजे मोरु. कुणी पेडण्याचा असेल, कुणी फोंड्याचा, कुणी सासष्टीचा ख्रिस्तांव, सगळ्यांची नोंद एकाच शब्दात. ज्याने त्यांना नाव दिलं त्याने त्यांचं नाव पुसलं आणि तेच नाव आज जगभरच्या पोरांच्या तोंडी आहे, एका वळणाचं म्हणून. त्यांना ते घ्यावंच लागतं. कारण ते पाठ नसेल तर फेरी होत नाही.

मूरिश हिलवरून रस्ता उतरू लागतो. दोना मारियाच्या वळणाला पोर्तुगालच्या राणीचं नाव आहे, तिच्या नावाचा १८५२ चा छोटा किल्ला जवळच. मग मेल्कोचं वळण, वीज कंपनीच्या नावाचं. जेमतेम सात मीटर रुंद, स्टिअरिंग शेवटपर्यंत वळवावं लागतं. खऱ्या शर्यतीत तिथे कायम पिवळा झेंडा असतो. पुढच्याला गाठायची मनाईच. एवढ्या वेगाच्या शर्यतीत सगळे तिथे मुंग्यांसारखे एकामागून एक जातात. मला ते वळण सगळ्यात आवडलं. भाचा म्हणाला, "मामा, तुम्हाला गव्हर्मेंट ऑफिसवाली जागा आवडली." मग कोळ्यांचं वळण, आर बेंड आणि पुन्हा तो लांब सरळ रस्ता. त्याची त्या दिवशीची फेरी आपल्या भुतापेक्षा तीन दशांश सेकंदांनी मागे राहिली.

मोरुंची छावणी २००५ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. आता तिथे सागरी खात्याची कचेरी आहे. पाहुण्यांना व्हरांड्यात फिरता येतं. पिवळसर भिंती, पांढऱ्या नक्षीच्या टोकदार कमानी, त्यांत मोगली वळण स्पष्ट दिसतं. मी भाच्याला फोटो दाखवला. त्याने तो मोठा करून पाहिला आणि म्हणाला, "ये तो अपने भोपाल का लगता है." गोव्याच्या शिपायांसाठी एका इटालियनाने चीनमध्ये बांधलेली इमारत, आणि ती भोपाळच्या पोराला घरची वाटली. मकावला जाणारे गोंयकार हल्ली पुष्कळ आहेत, कसिनोही पाहून येतात. बार्रा टेकडी आमा देवीच्या देवळापासून चालत पाच-दहा मिनिटांवर आहे.